१८५१ चं सिंगर की आईच्या वेळचं उषा? जुनं पायमशीन निवडताना

गेल्या महिन्यात साताऱ्याहून भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, मोती चौकाच्या मागं एका वाड्यातलं सामान विकायला काढलंय. सिंगरचं पायमशीन आहे, १८५१ सालचं. बारा हजार म्हणतायत. घेऊन टाकू का?"

"साल कुणी सांगितलं?"

"अहो, मशीनवरच लिहिलंय की. पितळी बिल्ला आहे ना, त्यावर."

फोटो मागवला. बिल्ला लंबगोल, भोवती निळी पट्टी. पट्टीवर १८५१ होतंच, पण पुढे काळपट डागाखाली १९५१ सुद्धा होतं. सिंगर कंपनी अमेरिकेत १८५१ साली सुरू झाली. तिला शंभर वर्षं झाली तेव्हा त्या सुमाराला बाहेर पडलेल्या मशिनांवर हा निळ्या काठाचा बिल्ला बसवला. म्हणजे हे मशीन पेशवाई संपल्यानंतरच्या पिढीतलं वगैरे काही नाही, माझ्या आईच्या लग्नाच्या आसपासचं आहे. विकणारा खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. तोही बिल्लाच वाचत होता, फक्त अर्धा.

मग कळलं की तिच्यापुढे एक नाही, तीन मशिनं आहेत. पहिलं हे वाड्यातलं. दुसरं वाईला, तिच्या चुलत सासूबाईंच्या माळ्यावर पडलेलं. तेही सिंगरच, काळ्या अंगावर सोनेरी स्फिंक्स असलेलं, आणि घरातलं म्हणून फुकट. तिसरं इथे सांगलीत, विश्रामबागेत. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे गुडघे गेले, त्यांनी मोटरचं मशीन घेतलं आणि जुनं काळं उषा चार हजारांना द्यायला काढलं. भाचेसुनेला शिवायचे आहेत ब्लाऊज, परकर, येणाऱ्या बाळाची झबली-दुपटी, आणि जमलं तर सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची एक वाकळ. हे शेवटचं मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण कुठलं मशीन चांगलं हा प्रश्न काय शिवायचंय ते ठरल्याशिवाय सुटत नाही.

बिल्ला वाचण्याआधी पट्टी सरकवा

मशीन विकायला काढलं की लोक तीन फोटो पाठवतात: बिल्ला, सोनेरी नक्षी आणि बिडाच्या स्टँडवरची ओतीव अक्षरं. तिन्ही फोटो देखणे असतात आणि तिन्हींवर विसंबायचं नसतं. स्टँडवर तर मुळीच नाही. पूर्ण मापाच्या घरगुती हेडचा, म्हणजे टेबलावरच्या मशीनचा, तळ साधारण साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद असतो. हे माप सिंगरचं, बाकीच्यांनी ते तसंच उचललं. त्यामुळे सिंगरच्या टेबलात उषा, उषाच्या टेबलात रिटा, असं कुठलंही हेड दोन बिजागऱ्यांवर बसतं. हेड गेलं की लोक स्टँड तोच ठेवून नुसतं हेड बदलायचे. स्टँडवर सिंगर आणि वर लुधियानाचं हेड, अशी जोडी मी कमीत कमी डझनभर घरांत पाहिली असेल.

नक्षीचंही तसंच. हेड घासून काळा रंग मारायचा आणि त्यावर नवी सोनेरी नक्षी चिकटवायची, हा धंदा चालतो. खरी जुनी नक्षी पुढच्या कडेला, जिथे शिवणाऱ्या बाईचा हात आणि कापड वर्षानुवर्षं घासतं, तिथे झिजलेली असते. पुढची कडसुद्धा चकाचक असेल तर ते मशीन कुणी वापरलेलंच नाही किंवा ते पुन्हा रंगवलंय. पहिली शक्यता आपल्याकडे फार कमी.

खरी ओळख सुईखाली असते. सुईपाशी तळावर चकचकीत स्टीलच्या सरकत्या पट्ट्या असतात, त्या नीट बघा. फोटोतसुद्धा हे कळतं, म्हणून फोटो मागवताना तिथलाच मागवायचा.

सुईच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन लांब पट्ट्या असतील, तर ते लांब शटलचं मशीन. पुढची पट्टी सरकवली की आत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल दिसतं, आणि त्याच्या पोटात बारीक, लांब दांडीची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ. शिवताना हे शटल पाळण्यासारखं मागेपुढे झुलतं. सिंगरच्या हिशेबात हे मॉडेल नंबर २७ आणि १२७, आणि छोट्या अंगाचं असेल तर २८ आणि १२८. बॉबिन भरायचं चाक खाली तळाला लागून असेल तर २७, वर हातचाकापाशी असेल तर १२७.

डाव्या बाजूला एकच पट्टी असेल, ती डावीकडेच सरकत असेल आणि आत उभी डबी बसलेली दिसली, तर ते १५ च्या घराण्यातलं. गोल बॉबिन, साधारण २० मि.मी. व्यासाची आणि जेमतेम १२ मि.मी. उंच, डबीत घालून डबी बाजूने आत दाबायची. हे चित्र तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल, कारण उषाचं असंच असतं. रिटाचंही असंच असतं. भारतात बनलेली बहुतेक काळी मशिनं १५ वरूनच उतरवलेली आहेत.

पट्टी पुढे, आपल्या पोटाकडे सरकते आणि बॉबिन आडवी, वरून टाकायची असते, तर ते ६६ किंवा २०१.

भाचेसुनेला मी फोनवर एवढंच सांगितलं: वाड्यात जा, पट्टी सरकव आणि आतला फोटो पाठव. फोटो आला. उभी डबी. १५ के, म्हणजे १५ च्याच घराण्यातलं.

म्हणजे बारा हजारांचं '१८५१ चं' सिंगर आणि चार हजारांचं विश्रामबागेतलं उषा हे पोटात शिरून पाहिलं तर सख्खे भाऊच निघाले.

वाईच्या माळ्यावरचं

लांब शटलच्या मशीनवर माझा जीव आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी वजावट करता येईल. त्याचा आवाज वेगळा. १५ च्या मशीनसारखी कटकट नाही, हलकी खुळखुळ. बारीक मलमलीवर त्याचा टाका इतका सरळ येतो की उलटं आणि सुलटं ओळखू येत नाही. चालवायला हलकं, म्हाताऱ्या पायालाही झेपतं. आणि तो स्फिंक्स: सिंहाचं धड, माणसाचं तोंड. आमच्या गल्लीतली मुलं त्याला नृसिंह म्हणायची.

आता अडचणी. मागे टीप जात नाही, शेवटी कापड फिरवून किंवा दोरे बांधून टाका पक्का करावा लागतो. टाका लहानमोठा करायला तळावरचा स्क्रू फिरवायचा. बॉबिनमध्ये दोरा कमी मावतो. पण खरी अडचण सुट्या भागांची. लांब बॉबिन आणि शटल ऑनलाइन मागवता येतात, गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. शटल हरवलं तर मशीन तिथेच थांबतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फसून सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी मिरजेत एका भंगारवाल्याकडून असंच एक मशीन घेतलं. नक्षी सुरेख, चाक लोण्यासारखं फिरत होतं. घरी येऊन पट्टी सरकवली तर आत शटलच नाही. त्याने दुसऱ्या दिवशी 'हे घ्या' म्हणून एक शटल दिलं, ते होडीच्या आकाराचं, म्हणजे त्याहूनही जुन्या १२ नंबरच्या सिंगरचं. गोळीच्या घरात होडी कशी बसणार? पुढचे सहा महिने त्या मशीनवर आमचा रेडिओ होता.

१२ नंबरचं मशीन कुणी देऊ केलं तर काय, हेही इथेच सांगून टाकते. त्याचा तळ व्हायोलिनसारखा कमरेत बारीक असतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं. त्याची सुईच वेगळी, आजची चालत नाही. दिवाणखान्यात ठेवायला घ्या, शिवायला नको. २७ पासून पुढची बहुतेक घरगुती सिंगर, उषा, रिटा यांना मात्र आजही कुठल्याही दुकानात मिळणारी, एका बाजूने चपट्या बुडाची साधी सुई चालते. शंभर वर्षांच्या मशीनला सकाळी कोपऱ्यावरून आणलेली सुई बसते, याचं मला अजून नवल वाटतं.

वाईच्या मशीनमध्ये शटल होतं, बॉबिन एक होती. म्हणून ते बाद केलं नाही, पण वाकळीसाठी ते नको असं सांगितलं. लुगड्याचे सहा-सात पदर आणि कडेला दुमडलेली किनार आली की लांब शटलचं मशीन अडखळतं. ओढत नेलं तर सुई वाकते आणि शटलच्या टोकाला लागते. टोक एकदा बोथट झालं की टाके सुटायला लागतात, आणि ते टोक पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

वाड्यातलं सिंगर आणि विश्रामबागेतलं उषा

आता खरी तुलना. आतली रचना एक, बॉबिन एक, सुई एक. मग सिंगरचे आठ हजार जास्त का द्यायचे?

उत्तर बिडात आहे. बीड कसं ओतलंय आणि आतले दांडे, खोबणी किती बारकाईने घासल्यात, यावर मशीन पन्नास वर्षांनी कसं चालेल ते ठरतं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेल्या १५ के मध्ये सुईची दांडी हाताने हलवून पाहिली तर ढिलाई क्वचित जाणवते. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगर आहे. आपल्याकडे किर्लोस्करवाडीवरून रेल्वे गेली की जे वाटतं तेच तिथल्या लोकांना वाटत असणार.

उषा १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये सुरू झालं. नाव कारखाना काढणाऱ्याच्या मुलीचं. जुन्या उषाचं बीड चांगलंच असतं, पण मशिनामशिनात फरक पडतो. एक उषा सिंगरच्या तोंडात मारेल असं निघतं, दुसऱ्याची दांडी पहिल्या दिवसापासून खुळखुळते. म्हणून सिंगर घेताना आधी 'अस्सल आहे का' ते बघायचं आणि उषा घेताना 'हे नेमकं कसं आहे' ते. यातला दुसरा प्रश्न हाताने तपासता येतो, पहिल्याला कागद लागतात.

मागे टीप हा मोठा फरक. उषाच्या बऱ्याच मशिनांना टाक्याची दांडी असते, ती वर उचलली की मशीन मागे शिवतं. १५ के मध्ये दोन्ही तऱ्हा मिळतात. वाड्यातल्या मशीनला नुसता स्क्रू होता. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला दिवसात पन्नास वेळा टीप पक्की करायची असते. बिल्ल्यापेक्षा मला ही दांडी मोठी वाटते.

मोटर लावायची असेल तरी दोन्ही सारखीच. ज्या हातचाकाला आरे असतात ते मुळात पायाचं किंवा हाताचं मशीन. त्यालाही मोटर बसते, पण नंतरच्या मशिनांच्या खांबाला मागे मोटरचं कान ओतलेलंच असतं, तिथे सोपं जातं. वीज गेली तरी चालायला हवं म्हणून तर पायाचं घेतोय, असं भाचेसून म्हणाली. बरोबर आहे.

डबीची एक गोष्ट. १५ च्या डबीला बाहेर आलेलं एक शिंग असतं, ते शिंग कुठे आहे यावरून डब्यांच्या दोन तऱ्हा पडतात. दुकानात 'उषाची डबी द्या' असं सांगून चालत नाही. जुनी डबी पर्समध्ये घालून न्यायची आणि शेजारी ठेवून जुळवायची. वाड्यातल्या मशीनला डबीच्या जागी तार वाकवून काहीतरी केलेलं होतं. विकणाऱ्याला ते अस्सल वाटत होतं.

रिटा, मेरिट, पफ आणि टेलरचं ३१ के

रिटा म्हणजे लुधियानाचं, १५ च्याच घराण्यातलं. स्वस्त, चालतं, पण घेताना दांडी आणि चाक जास्त कसून तपासा. मेरिट हा सिंगरच्याच भारतातल्या कंपनीचा ब्रँड, त्याला सिंगर म्हणून जास्त पैसे देऊ नका. पफ जर्मन, काइझर्सलाउटर्नचं, १८६२ पासूनची कंपनी. दणकट आहे, पण भाग मिळवायला कष्ट पडतात. २०१ मिळालं तर विचार न करता घ्या, त्याचं हुक गोल फिरतं आणि मशीन कापरासारखं मऊ चालतं. ६६ चांगलं, बॉबिन मात्र वेगळी लागते.

३१ के हे टेलरचं मशीन. घरगुतीपेक्षा लांब तळ, स्टँडही मोठा, सुई गोल बुडाची. वाकळीला याच्यासारखं नाही. पण टेलरच्या दुकानातून निघालेलं ३१ के म्हणजे तीस वर्षं दिवसाला दहा तास चाललेलं मशीन. शिवणाऱ्याची पाठ बघा, म्हणजे मशीनची हालत कळेल, असं आमचा मेस्त्री म्हणायचा.

वय कसं काढायचं

सिंगरच्या तळावर, उजव्या अंगाला, नंबर ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीचं. पुढे अक्षर असेल तर त्यानंतरचं. आपल्याकडे आलेली बहुतेक क्लाइडबँकची. एकटं वाय असेल तर १९२० च्या दशकापासून १९३५ च्या आसपासपर्यंतचं. ई आणि पुढे आणखी एक अक्षर, अशी जोडी असेल तर १९३५ ते १९६० च्या सुरुवातीपर्यंतचं. कंपनी नंबरांचा गठ्ठा आधी ठरवायची आणि मशिनं मागाहून बनायची, म्हणून वर्षभर इकडेतिकडे धरायचं. वाड्यातल्या मशीनचा नंबर ईजीने सुरू होत होता. ईजी म्हणजे १९५० चा सुमार, निळ्या बिल्ल्याला अगदी जुळणारा. म्हणजे बिल्ला मागाहून चिकटवलेला नव्हता, एवढं तरी त्या माणसाच्या बाजूने सांगायला हवं.

उषा, रिटाला अशी सोय नाही. तिथे पत्ते वाचायचे. पट्टीवर कलकत्ता असं स्पेलिंग असेल तर मशीन जुनं असेलच असं नाही, त्या शहराचं नाव २००१ सालापर्यंत तेच होतं. विक्रेत्याच्या पितळी पट्टीवर बॉम्बे असेल तर १९९५ च्या आधीचं म्हणता येतं. आमच्या सातारा-सांगलीकडे कितीतरी मशिनं मुंबईहूनच आली. गिरणीत असलेला माणूस सुट्टीला गावी येताना एसटीच्या टपावर मशीन बांधून आणायचा, बायकोला किंवा लग्न ठरलेल्या बहिणीला. हप्त्यावर घेतलेलं असायचं. हप्त्याची पद्धत सिंगरने एकोणिसाव्या शतकातच सुरू केली होती. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केलं, त्यामागेही घरात बसून शिवणारी बाईच होती.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागचा भाग चाचपायला विसरू नका. तिथे पावत्या अडकून राहतात. विश्रामबागेतल्या उषाच्या ड्रॉवरमागे एक पावती सापडली, शाई उडालेली, पण पत्ता वाचता येत होता: 'जि. दक्षिण सातारा'. सांगली जिल्ह्याचं हे नाव १९४९ पासून १९६० पर्यंतच होतं. एका ओळीत मशीनचं वय ठरलं. उषाही १९५० च्या दशकातलं निघालं, म्हणजे दोन्ही भाऊ एकाच वयाचे.

मशीन कुठून आलंय ते विचारा

नव्या माणसाच्या हे लक्षात येत नाही. माण, खटाव, जत, आटपाडीकडून आलेलं मशीन बहुधा कोरडं असतं. रंग करपलेला, लाकूड तडकलेलं, पण लोखंड स्वच्छ. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूचं असेल तर सुईच्या दांडीवर आणि दात्यांखाली गंज शोधायचाच. आणि सांगलीच्या नदीकाठच्या पेठांमधलं असेल तर पहिला प्रश्न: पुरात होतं का?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ आणि २०२१ साली घरांत पाणी शिरलं ते वेगळंच. पुराच्या पाण्यात उभं राहिलेलं मशीन वरून पुसून चकचकीत करता येतं, पण गाळ लपवता येत नाही. हेड बिजागरीवर मागे टेकवा आणि पोटात टॉर्च मारा. तेलाच्या भोकांत, दांड्यांच्या खोबणीत पिवळट बारीक माती दिसली की समजायचं. लाकडाच्या पायापाशी फुगवटा, ड्रॉवर अडकणं, बिडाच्या पायांवर एका पातळीवर थांबलेला गंज, या सगळ्या पुराच्याच खुणा. मात्र पाणी फक्त स्टँडपर्यंत आलं असेल आणि हेड उचलून माडीवर नेलं असेल तर घाबरू नका. स्टँड खरवडून रेड ऑक्साइड मारला की झालं.

विश्रामबाग त्या वेळी वाचलं. बाईंनी स्वतःच आधी सांगितलं, मी विचारायच्या आत. असा विकणारा मिळाला की घासाघीस करायला लाज वाटते. मी तरीही पाचशे कमी करून मागितले.

हात लावून काय बघायचं

पट्टा काढून वरचं चाक फिरवा. घट्ट पण एकसारखं फिरत असेल तर तेल वाळलंय. मशीनचं तेल आणि थोडं घासलेट आत सोडून दोन दिवस ठेवलं की सुटतं. एकाच जागी अडत असेल तर आत काहीतरी वाकलंय, सोडून द्या. तेलाच्या बाबतीत आपल्याकडच्या बायकांचं एक वेड आहे: खोबरेल. वाई-महाबळेश्वरकडच्या थंडीत खोबरेल थिजतं आणि मशीन जाम होतं. वाईच्या माळ्यावरचं मशीन कुणीतरी पंचवीस वर्षं खोबरेल पाजून वाढवलेलं होतं. तीन दिवस घासलेट प्यायल्यावर ते सैल झालं.

घासलेट आत, बाहेर नव्हे. सोनेरी नक्षीवर स्पिरिट तर कधीच नको. जुन्या मशिनांवरचा चकचकीत थर चपड्याचा असतो. मिरजेत सतारी करणारे ओळखतात तोच चपडा, आणि तो स्पिरिटमध्ये विरघळतो. नक्षी पुसायला मशीनचंच तेल, मऊ कापडावर.

मग आपलं कापड काढा. मांजरपाटाचे दोन पदर, वर लाल दोरा, खाली बॉबिनमध्ये पांढरा. टीप मारून कापड उलटं करा. लाल ठिपके खाली दिसले तर वरचा दोरा ढिला, पांढरे वर दिसले तर वरचा जास्त ताणलेला. स्क्रू फिरवून जुळलं तर काळजी नाही. काही केल्या जुळत नसेल तर डबी किंवा शटल झिजलंय. नवशिक्या माणसाला आणखी एक सांगायचं: चाक वरून आपल्याकडे फिरायला हवं. उलटं फिरलं की दोरा गुंतून खाली गोळा होतो आणि लोक मशीनलाच दोष देतात.

स्टँडला वाकून बघा. बिडाला तडा असेल तर पितळी जोड देणारे लोक इकडे आहेत, सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात ओतकामाची कमतरता नाही. पण पायडलच्या कानाला तडा असेल तर जोड टिकत नाही, रोज तिथेच जोर पडतो. मोठ्या चाकाला डावी-उजवी डुलकी नको. पायडलपासून चाकाला जाणारा दांडा खडखडत असेल तर नट आवळून पाहा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. चामडी पट्टा, साधारण पाच मि.मी. जाडीचा, आणि त्याची तारेची कडी कुठेही मिळते. पट्टा तुटका आहे म्हणून भाव पाडता येतो, मशीन नाकारायचं नाही.

मग काय घ्यायचं

भाचेसुनेला मी सरळ सांगितलं: शिवायचं असेल तर उषा. मागे टीप आहे, भाग सांगलीत आणि साताऱ्यात दोन्हीकडे मिळतात, बाई खरं बोलणाऱ्या आहेत, आणि दांडी मी स्वतः हलवून पाहिली आहे. वाड्यातलं १५ के पाच-सहा हजारांत आलं असतं आणि डबी अस्सल असती तर मी गप्प बसले असते. बारा हजार हे १८५१ चे होते, १९५१ चे नव्हेत. वाईचं फुकटचं आहे तर आणून ठेव, पण त्यावर फक्त मलमल शीव आणि पाहुण्यांना नृसिंह दाखव.

तिचा नवरा म्हणाला, तीन मशिनांचा तुम्ही एवढा अभ्यास केलात, आणि शेवटी विकतच्यांतलं स्वस्तच निवडलंत! मी म्हटलं, स्वस्त नाही रे, ओळखीचं.

रविवारी टेम्पो ठरवलाय. नेताना एक करा: पट्टा उतरवा, बिजागऱ्यांचे स्क्रू सोडून हेड वेगळं काढा आणि गोधडीत गुंडाळून माणसाच्या मांडीवर किंवा पायाशी ठेवा. दहा-बारा किलो भरतं. हेड टेबलात तसंच ठेवून नेलं तर एका खड्ड्यात बिजागरी तुटते. पायडल सुतळीने दांड्याला बांधून टाका, नाहीतर कराडपर्यंत ते एकटंच शिवत बसतं. सुई काढून ठेवा. डबीत बॉबिन आहे का ते निघण्याआधी पुन्हा एकदा उघडून बघा.